कूस, कांडी आणि काचेची बशी

'रेतन' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो गोठ्यात. कराड तालुक्यातल्या आमच्या गावी गाय माजावर आली की वडील मला सायकलवर पिटाळायचे, "डॉक्टरांना सांग, सकाळपासनं सोट टाकतीय." सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा हिशेब मला पाढ्यांबरोबरच पाठ झाला होता. डॉक्टर यायचे, नत्राच्या टाकीचं झाकण काढायचे. पांढरी वाफ गव्हाणीपर्यंत पसरायची आणि त्यातून चिमट्यानं एक बारीक कांडी वर यायची. कोमट पाण्यात बुडवून, पुसून, ती नळीत चढवायची. मग डॉक्टरांचा हात कोपरापर्यंत आत, आणि दोन मिनिटांत काम संपलेलं. वहीत नोंद व्हायची, 'कृ. रे.' एकवीस दिवसांनी गाय उलटली नाही तर गाभण धरायची. उलटली तर पुन्हा सायकल.

पुढे तीसेक वर्षांनी एका दवाखान्यात पुतणीसोबत बसलो होतो. सहीसाठी संमतिपत्र समोर आलं. मराठीत होतं, हे कौतुकाचंच. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'कृत्रिम रेतन'. पुतणीच्या सासूबाई चष्मा लावून वाचत होत्या. चाळीस वर्षं म्हशींच्या धारा काढलेली बाई. त्यांनी कागद मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "पाव्हणं, ह्ये तर म्हशीला करत्यात न्हवं?"

मी काय सांगणार? शास्त्र म्हणून पाहिलं तर हो, मुळात तेच. नराचं बीज माणसाच्या हातानं मादीच्या गर्भाशयापर्यंत पोचवायचं. पण पुतणी खाली मान घालून बसली होती, आणि त्या एका शब्दानं तिला कुठं नेऊन उभं केलं होतं ते मला दिसत होतं. तिनं सही केली. गाडीत सातारारोड येईपर्यंत ती बोलली नाही.

मूल होण्याच्या उपचारांवरच्या या शब्दसूचीच्या संपादकांनी माझ्याकडे प्रस्तावना मागितली तेव्हा मला तो कागद आठवला. मी डॉक्टर नाही. शब्दांत लुडबुड करणारा माणूस आहे. पण या विषयातले बरेचसे शब्द नवे आहेत, असा जो समज असतो तो आपल्या भागात तरी खरा नाही. साताऱ्या-सांगलीत हे शब्द वापरलेले येतात. कुणी गोठ्यातून आलाय, कुणी पोथीतून, कुणी कोर्टातून, आणि पुष्कळसे सासरच्या ओसरीवरून. दवाखान्याच्या दारात ते नव्या अर्थानं उभे राहतात, पण जुन्या घराचा वास काही जात नाही.

गोठ्यापासूनच पाहू. भारतात गाईंचं कृत्रिम रेतन म्हैसूरच्या राजवाड्याच्या डेअरीत 1939 साली सुरू झालं. आपल्याकडे ते घरोघर नेलं ते मुख्यतः सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांनी आणि मणिभाई देसाईंनी 1967 साली उरुळीकांचनला सुरू केलेल्या 'बाएफ'नं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं तर शेळ्यांचंही गोठवलेलं रेत तयार केलं. भिलवडीच्या चितळ्यांसारख्या डेऱ्यांमुळं कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला जातिवंत म्हशीचं मोल कळलं. उणे 196 अंशांचं द्रवरूप नत्र म्हणजे काय, हे आमच्याकडच्या सातवी नापास माणसालाही ठाऊक असतं. गंमत म्हणजे पुण्या-मुंबईतल्या शिकलेल्या जोडप्याला 'गोठवलेलं बीज' म्हटल्यावर जो धक्का बसतो, तो आमच्याकडे बसत नाही. इथं शास्त्राचं भय नाही. लाज आहे ती शब्दाची.

आणि ही लाजही तशी अलीकडची. संस्कृतात 'रेतस्' म्हणताना कुणाची मान खाली जात नव्हती. 'ऊर्ध्वरेता' हे तर ऋषीचं विशेषण. मराठीनं मात्र वाटणी केली. माणसाचं ते वीर्य, जनावराचं ते रेत. माणूस गरोदर, जनावर गाभण. माणसाला दिवस जातात, गाय भरते. ही वाटणी इतकी पक्की की एक शब्द कुंपणापलीकडून आला तर माणसाला आपण दावणीला बांधले गेलो असं वाटतं. म्हणून या सूचीत 'आययूआय'समोर 'गर्भाशयात शुक्राणू सोडणे' असं लांबलचक लिहिलंय, ते मला पटतं. बोजड नाही, नुसतं लांब आहे. 'कृत्रिम गर्भाधान' हा हिंदीतला शब्द आयता मिळत होता. तो घेतला नाही हेही बरं केलं. मराठी घरात गर्भाधान हा सोळा संस्कारांतला पहिला संस्कार. शिवाय त्या शब्दात गर्भ राहिल्याची हमी दडली आहे, आणि या उपचारात हमी तर नसतेच.

प्रत्यक्षात होतं ते असं. सोनोग्राफीत स्त्रीबीजाची वाढ पाहत राहायची. बीज तयार झालं की ते सुटावं म्हणून इंजेक्शन द्यायचं. आमच्याकडच्या बायका याला 'अंडं फुटायचं इंजेक्शन' म्हणतात, आणि त्याहून नेमका शब्द मला सुचलेला नाही. मग दीडेक दिवसाच्या आत नवऱ्याच्या वीर्यातले धावते शुक्राणू धुऊन वेगळे काढायचे आणि बारीक नळीनं गर्भाशयात सोडायचे. भूल नाही, टाके नाहीत. पुढचं सगळं, म्हणजे बीज आणि शुक्राणूची गाठ पडणं, हे शरीराच्या आत, आपलं आपणच व्हायचं. दहा फेऱ्यांतल्या एखाददुसरीलाच फळ येतं. तरी गावात बातमी पोचते ती 'टेस्ट ट्यूब केलं' अशी.

टेस्ट ट्यूबमध्ये खरं तर 'टेस्ट ट्यूब बेबी'ही होत नाही. होते ती काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या उथळ बशीत. 'आयव्हीएफ'मधल्या 'इन व्हिट्रो' या लॅटिन शब्दांचा अर्थही एवढाच, काचेत. स्त्रीबीजं सुईनं बाहेर काढतात, बशीत शुक्राणूंशी गाठ घालतात आणि तयार झालेला भ्रूण तीन किंवा पाच दिवसांनी गर्भाशयात सोडतात. शुक्राणू फारच थोडे किंवा लुळे असले तर एकच शुक्राणू निवडून सुईनं थेट बीजात टोचतात. ती इक्सी. ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी 1992 साली जगापुढं ठेवलेली. वृत्तपत्रांना बशीपेक्षा नळी आवडली आणि नाव चिकटलं. 25 जुलै 1978 रोजी इंग्लंडमध्ये लुईस ब्राउन जन्मली. त्यानंतर 70 दिवसांनी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्यायांच्या प्रयोगातून दुर्गा जन्मली, तीही गोठवून ठेवलेल्या भ्रूणातून. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, चौकशी समितीनं त्यांचा दावा फेटाळला आणि 1981 साली त्यांनी जीव दिला. मुंबईत केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून 6 ऑगस्ट 1986 रोजी हर्षा चावडा जन्मली तेव्हा देशानं तिला पहिली म्हटलं. पुढे 1997 साली याच आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांची कागदपत्रं वाचून जाहीर केलं की पहिला मान आपला नव्हे, त्यांचा. आपला मान आपल्या हातानं काढून दुसऱ्याला देणारा माणूस शास्त्रात विरळा. शब्दसूचीत त्याला जागा नाही, म्हणून इथं नोंदवतो.

'भ्रूण' या शब्दावर संपादकांत बरीच खडाजंगी झाल्याचं मला कळलं, आणि ती व्हायलाच हवी होती. 2021 च्या सरोगसी कायद्यात फलनापासून 56 व्या दिवसापर्यंत जे असतं त्याला एक नाव आहे आणि 57 व्या दिवसापासून जन्मापर्यंत जे असतं त्याला दुसरं. इंग्रजीला दोन शब्द मिळतात. मराठीत दोन्हीकडे 'भ्रूण'च. तिसऱ्या दिवशीच्या आठ पेशीही भ्रूण आणि पाचव्या महिन्यात लाथा मारणारंही भ्रूण. त्यात 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द आपल्या जिल्ह्यांच्या अंगावर डागासारखा आहे. दवाखान्यात सांगतात, "सात भ्रूण तयार झाले, दोन सोडू, उरलेले गोठवू." ऐकणाऱ्या बाईला सात मुलं दिसतात. त्यातली पाच कुठंतरी थंडीत ठेवणार, एवढंच तिच्या मनात राहतं. एकीनं तर त्यांना पांघरूण घालता का, असं विचारलं होतं. हसू नका. प्रश्न शब्दानं निर्माण केलेला आहे. सूचीत पहिल्या पाच दिवसांसाठी 'फलित बीज' आणि पुढं 'भ्रूण' असा तोडगा काढलाय. शास्त्राच्या शिक्षकांना तो रुचणार नाही. मला रुचला.

आमच्या जिल्ह्यांचा विषय निघालाच आहे तर तोही भाग टाळून पुढं जाता येणार नाही. साताऱ्यात मुलींची नावं 'नकुशा' ठेवली जात. नको असताना आलेली ती नकुशी. ऑक्टोबर 2011 मध्ये जिल्हा प्रशासनानं समारंभ करून अशा 285 मुलींना नवी नावं दिली. शब्द बदलल्यानं काय होतं, असं विचारणाऱ्यांना मी त्या दिवसाचे फोटो पाहायला सांगतो. साताऱ्याच्याच अॅड. वर्षा देशपांडे यांच्या 'लेक लाडकी अभियाना'नं गर्भलिंग सांगणाऱ्या डॉक्टरांना सापळे लावून पकडून दिलं. आणि 2017 च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले 19 भ्रूण निघाले. गर्भलिंगनिदानावर देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं 1988 साली केला, केंद्राचा 1994 साली आला. 2003 साली त्यात गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही आली, म्हणजे शुक्राणू निवडून मुलगा मिळवणं हाही गुन्हा ठरला.

आता पुन्हा गोठ्यात या. तिथं 'सेक्स्ड सिमेन'ची कांडी राजरोस मिळते, सरकार त्यावर अनुदान देतं. मादीचं गुणसूत्र असलेल्या शुक्राणूत डीएनए साधारण चार टक्के जास्त असतो. त्या फरकावरून यंत्र शुक्राणू निवडतं आणि दहांतल्या नऊ वेळा कालवडच होते. शेतकरी जादा पैसे मोजून कालवड मागतो, कारण खोंड आता ओढायला लागत नाही आणि खायला लागतो. म्हणजे त्याच घरात, त्याच अंगणात, गोठ्यात मादी हवी आणि माजघरात नको. गोठ्यातलं तंत्र माजघरात आणलं तर तुरुंग. कायद्यानं ही रेघ अगदी योग्य ठिकाणी मारली आहे, यात मला शंका नाही. पण 'लिंगनिवड' हा एकच शब्द कुंपणाच्या एका बाजूला योजना आणि दुसऱ्या बाजूला गुन्हा असतो, हे सूची वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं. कृषिप्रदर्शनातली जाहिरात वाचून दवाखान्यात 'तसलं काही मिळतं का' असं विचारणारे महाभाग आहेत.

ओसरीवरच्या शब्दांबद्दल किती लिहू! वांझ, वांझोटी, निपुत्रिक. मराठीत चर्चा वांझोटी असते, राग वांझोटा असतो, झाड वांझ असतं, जमीनसुद्धा. नवरा मात्र वांझ नसतो. त्याच्यासाठी शब्दच घडला नाही. आहेत ते 'नपुंसक' आणि 'षंढ', आणि ते दुसऱ्याच गोष्टीचे. संबंध ठेवता न येणं वेगळं आणि वीर्यात शुक्राणू पुरेसे नसणं वेगळं. धडधाकट, मिशीला पीळ देणाऱ्या पैलवानाच्या वीर्यात एकही शुक्राणू नसू शकतो. पण तपासणी करायची म्हटली की त्याला वाटतं, आपल्या मर्दानगीवर प्रश्न आला. निम्म्याच्या आसपास जोडप्यांत कारण पुरुषाकडेही असतं, एकटं किंवा बायकोच्या कारणाच्या जोडीनं. असं असताना बाई तीन वर्षं 'पिशवी साफ' करून घेत, 'नळ्या मोकळ्या' करून घेत फिरते, आणि साधी, स्वस्तातली वीर्यतपासणी सगळ्यात शेवटी होते. सूचीतला 'शुक्राणू-अल्पता' हा शब्द कोरडा आहे. कोरडा आहे म्हणूनच औषधी आहे. त्याला शिवी म्हणून वापरता येत नाही.

'कूस उजवणं' हा मात्र मला फार आवडणारा शब्दप्रयोग. आणि 'दिवस जाणं'. पण या दिवसांनीही घोळ घातला आहे. डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. पाच दिवसांचं फलित बीज गर्भाशयात सोडलं की त्याच दिवशी कागदावर दोन आठवडे आणि पाच दिवस लिहिलेले असतात. मुंबईत नोकरीला असलेला नवरा, महिन्यातून दोनदा घरी येणारा, आणि बोटांवर दिवस मोजणारी आत्या. पुढचं तुम्हीच समजा. या सूचीतली 'गरोदरपणाचे आठवडे' ही नोंद कुणी वाचून दाखवली तर दोनचार घरांतली भांडणं तरी वाचतील.

'दान' शब्दाशी आपली ओळख जुनी. कन्यादान, अन्नदान, रक्तदान. म्हणून 'बीजदान' चटकन रुळलं. कायद्यानं त्याला चौकटी घातल्या आहेत. 2021 चा सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा जानेवारी 2022 पासून लागू झाला. त्यानुसार बीज नोंदणीकृत पेढीतूनच यायला हवं. पुरुष दाता 21 ते 55 वयाचा, स्त्री दात्री 23 ते 35 ची. दात्रीनं आयुष्यात एकदाच द्यायचं, आणि तेव्हाही सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. एका दात्याचं बीज एकाच जोडप्याला. ओळखीतल्या दिराचं, मेहुण्याचं 'घरातल्या घरात' चालणार नाही. नियोगाची कथा ऐकत वाढलेल्या समाजाला हे सांगावं लागतं. शास्त्रकारांनी बीज कुणाचं आणि क्षेत्र कुणाचं यावर पानंच्या पानं लिहिली. 'क्षेत्रज' म्हणजे शेतातून उगवलेला. शेत अर्थातच बाई. आजही डॉक्टर 'बीज' म्हणतात तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात जमीन उभी राहते आणि जमिनीला मालक असतो. पाळीबरोबर दर महिन्याला तयार होणारं बीज बाईचंही असतं, हे शाळेच्या पुस्तकात 'स्त्रीबीज' म्हणून छापून बरीच वर्षं झाली. तरीही तो शब्द ओसरीपर्यंत पोचलेला नाही.

सरोगसीला वर्तमानपत्रांनी 'भाड्याचं गर्भाशय' म्हटलं. 2011 साली आलेला समृद्धी पोरे यांचा 'मला आई व्हायचंय' हा चित्रपट ज्या काळातला, त्या काळात ते खरंही होतं. आता भाडं घेणं गुन्हा आहे. उपचाराचा खर्च आणि विमा एवढंच देता येतं. त्या बाईचं स्वतःचं बीज वापरायलाही बंदी आहे. तेव्हा 'भाड्याचं' हा शब्द सूचीतून काढून टाकलाय ते ठीकच. त्याऐवजी घेतलेला 'उसनं मातृत्व' मात्र मला पटलेला नाही, आणि संपादकांनी माझी तक्रार छापायचं कबूल केलंय म्हणून लिहितो. उसनं म्हणजे शेजारणीकडून आणलेली वाटीभर साखर. उसनं परत करावं लागतं. इथं परत काय करणार? नऊ महिने?

सगळ्यात जड शब्द दोन, आणि ते राजवाड्यातले. औरस आणि दत्तक. 1848 साली साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले. त्यांनी मृत्युशय्येवर मुलगा दत्तक घेतला होता. धर्मशास्त्राला तो मान्य होता, कंपनी सरकारला नव्हता. डलहौसीनं संस्थान खालसा केलं आणि पुढं झाशी-नागपूरपर्यंत तोच न्याय लावला. एका शब्दाचा अर्थ कुणी ठरवायचा, यावर गादी गेली, ती साताऱ्यात. म्हणून दात्याच्या बीजातून मूल घ्यायचं ठरल्यावर आमच्याकडचा सासरा पहिला प्रश्न रंगारूपाचा विचारत नाही, सातबाराचा विचारतो. कायद्याचं उत्तर स्पष्ट आहे. या तंत्रानं जन्मलेलं मूल त्या जोडप्याचं जैविक मूलच मानलं जातं, औरस मुलाचे सगळे हक्क त्याला मिळतात, आणि दात्याचा त्याच्यावर कसलाही हक्क राहत नाही. दत्तकपत्र लागत नाही. सूचीत ही नोंद 'औ' अक्षराखाली आहे. खरेदीखत करणाऱ्या वकिलांनीही ती वाचावी.

सूची कशी वापरायची ते संपादकांनी पुढं सांगितलंच आहे. डाव्या रकान्यात दवाखान्यात ऐकू येणारा शब्द, तोही देवनागरीत, जसा उच्चारतात तसा. फॉलिकल स्टडी, वॉश, ट्रान्स्फर, बीटा. मधल्या रकान्यात मराठी शब्द, उजवीकडे दोनतीन ओळींत अर्थ. मराठी शब्द तुमच्या जिभेवर बसला नाही तर खुशाल डावीकडचा वापरा. 'बीटा' म्हणायला आमच्या बायका कधीच शिकल्या आहेत. र. धों. कर्व्यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' काढलं आणि मूल न होऊ देण्याबद्दल मराठीत उघड बोलायला शिकवलं, तेव्हा त्यांनाही शब्द घडवावे लागले आणि खटले सोसावे लागले. मूल होऊ देण्याबद्दल बोलायला आपण त्यानंतर बराच वेळ लावला.

एका नोंदीचा मधला रकाना कोरा आहे. छपाईची चूक नव्हे. दात्याच्या बीजातून जन्मलेल्या मुलाला काय म्हणायचं, असा तो रकाना होता. संपादकांनी चार शब्द सुचवले होते आणि निवड माझ्यावर सोपवली होती. मी चारही शब्द पुतणीला फोनवर वाचून दाखवले. तिचा मुलगा आता पाचवीत आहे. फोन चालू असताना तो मागे कुणाशी तरी क्रिकेटवरून भांडत होता. तिनं सगळे शब्द ऐकून घेतले आणि म्हणाली, "काका, त्याला आम्ही नावानं हाक मारतो."